राघू गेला, लव्हबर्ड आले

राहात्यातल्या आमच्या घराच्या पडवीत, आढ्याला एक लोखंडी कडी आहे. आजीच्या राघूचा पिंजरा तिला टांगलेला असायचा. आता त्या कडीखाली, भिंतीला लागून माझा मोठा पिंजरा उभा आहे. त्यात अकरा पक्षी आहेत. गल्लीतली पोरं येतात आणि विचारतात, "लव्हबर्ड ना?" मी हो म्हणतो.

खरं तर ते लव्हबर्ड नाहीत. लव्हबर्ड आफ्रिकेतले. माझे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातले, बजरीगर, लाडाने बजी. पण आपल्याकडच्या दुकानांत त्यांना सर्रास लव्हबर्डच म्हणतात. हे परदेशी पाखरू आमच्या पडवीपर्यंत कसं आलं, आणि आजीची कडी रिकामी का झाली, हे दोन प्रश्न मला बरीच वर्षं वेगवेगळे वाटायचे.

आधी राघूचं सांगतो. राहाता हे पेरूचं गाव. पेरूला पाड लागला की पोपटांचे थवे बागेवर उतरतात. एक फळ धड खात नाहीत; टोचतात, टाकतात, दुसऱ्यावर जातात. मग डबे बडवायचे, गोफण फिरवायची. बागेत असा शत्रू असलेल्या पाखराचं पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढून लोक घरी मात्र कौतुकाने आणायचे. आजीचा राघू तसाच आलेला. तो "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचा. त्याला एकटाच ठेवला होता. जोडी ठेवली तर तो माणसाचं कशाला ऐकेल, असा त्यामागचा हिशेब.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे १९९१च्या सुमारास देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आज घरात राघू पाळणं हा गुन्हा आहे. चोरून विक्री अजून होते, पण कडीला राघू टांगून पडवीत उघड बसायचे दिवस गेले. पाखरू पाळायची हौस काही गेली नाही. दुकानदारांनी ती बजीवर भागवली, कारण तो इथला रानपक्षी नाही आणि त्याला ही बंदी लागू होत नाही.

बजीला शास्त्रीय नाव मिळालं ते १८०५ साली, जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्ग अभ्यासकाकडून. पण जिवंत बजी इंग्लंडला नेले ते जॉन गूल्डने, १८४० साली. पक्ष्यांची चित्रं आणि ग्रंथ छापणारा हा माणूस ऑस्ट्रेलियाहून परतताना मेहुण्याने, चार्ल्स कॉक्सनने, वाढवलेले बजी घेऊन आला. रानात हा पक्षी कोरड्या मुलखात राहतो. पाऊस पडेल तिकडे थव्याने सरकतो, गवताचं बी खातो आणि खाणं मुबलक झालं की अंडी घालतो. थोड्या पाण्यावर, थोड्या जागेत निभावणारं हे पाखरू युरोपच्या पिंजऱ्यात सहज रुळलं.

रानातला बजी हिरवा-पिवळा असतो. निळे आणि नुसते पिवळे बजी पिंजऱ्यातल्या पैदाशीतून पुढे आले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे माझ्या निळ्या मादीच्या मागे कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच आहेत. "सोडून दे ना त्यांना," असं मला अनेक जण सांगतात. इथल्या आभाळात सोडलं तर शिक्रा किंवा कावळे तिला किती दिवस ठेवतील? तिला सोडणं म्हणजे माझं पुण्य आणि तिचं मरण.

पण ठेवणंही सोपं नाही. पहिली जोडी मी चार दिवस गावाला जाताना शेजारच्या मुलाच्या स्वाधीन केली. "वाटी रिकामी दिसली की राळे घाल," एवढंच सांगितलं. परत आलो तर नर मेलेला, मादी फुगून कोपऱ्यात बसलेली, आणि वाटी काठोकाठ भरलेली. बजी प्रत्येक दाणा चोचीत सोलतो आणि फोलपट तिथेच टाकतो. वाटीत नुसती फोलपटं होती. मुलाची चूक नव्हती. मीच ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी पहिलं काम म्हणजे वाटीवर फुंकर.

ज्या राळ्यांचा भात आजीने लहानपणी खाल्ला, ते आता आमच्या घरी पाखरांसाठी येतात. २०२३ साली भरडधान्य वर्ष साजरं झालं, तेव्हा तिला त्याचं फार हसू आलं.

फुंकर मारली की पाणी बदलायचं, ट्रे खरवडायचा, धुतलेली कोथिंबीर अडकवायची, समुद्रफेनाचा तुकडा संपलाय का बघायचं. नवा पक्षी आणला तर तीन आठवडे वेगळा. विणीला मडकी टांगायची, आणि जोड्यांपेक्षा जास्तच, नाहीतर माद्या मडक्यासाठी एकमेकींना रक्तबंबाळ करतात. चार-सहा अंडी, अठराएक दिवसांनी पिल्लू, आणखी महिन्याभराने ते मडक्याच्या तोंडाशी येऊन बाहेर बघतं. उन्हाळ्यात मडकी काढून ठेवायची; सतत अंडी घालून मादी खचते.

आणि एवढं करून ते बोलत नाहीत. बोलू शकतात. इंग्लंडमध्ये स्पार्की विल्यम्स नावाचा बजी होता. १९५८ साली त्याने बीबीसीची बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा जिंकली. पाचशेवर शब्द त्याला येत होते. पण एकटा बजी माणसांत राहिला तर माणसाची भाषा उचलतो. थव्यात त्याला आपली गरज उरत नाही.

"बोलत नाही? मंग कशाला पाळले रे?" आजीने सुरुवातीला विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नव्हतं. पुढे ती रोज संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसू लागली. त्या वेळी अकराही जण एकमेकांना खेटून बसतात, डोकी खाजवून घेतात आणि अखंड कुजबुजतात. त्यात आपल्यासाठी एक शब्द नसतो. ऐकायला मिळतं, एवढीच आपली मिळकत, आणि मला ती पुरते.

एकदा असंच ऐकताना आजी म्हणाली, "बागेकडं जाणारा थवा घरावरून गेला की माझा राघू विठ्ठल म्हणायचा थांबायचा. नुसता ओरडायचा. मला वाटायचं, घाबरला."

पुढे ती काही बोलली नाही. कडी मी काढलेली नाही. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं गोणपाट सोडायला ती कामी येते.