ओले किराईत : पानांतील दाहशामक द्रव्य

ओले किराईत किंवा काळमेघ (अँड्रोग्रॅफिस पॅनिक्युलेटा, कुल – अ‍ॅकँथेसी) ही कोकणात तापावरच्या काढ्यासाठी वापरली जाणारी अत्यंत कडू वनस्पती. तिच्या पानांत अँड्रोग्रॅफोलाइड हे डायटर्पीन लॅक्टोन भरपूर असते.

दाह भडकतो तेव्हा प्रतिकारपेशींमधील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरून डीएनएला चिकटते आणि टीएनएफ-अल्फासारख्या दाहकारक रेणूंची निर्मिती सुरू करते. अँड्रोग्रॅफोलाइड एनएफ-कप्पा-बीच्या पी५० या घटकातील ६२ व्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लाला सहसंयुज बंधाने जखडते. मग त्याला डीएनएवर बसताच येत नाही. ही यंत्रणा २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

मानवी न्यूट्रोफिल पेशींवरील प्रयोगांत या द्रव्याने ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंची निर्मितीही घटवली. मात्र ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये काळमेघयुक्त औषधांमुळे तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, असा इशारा दिला.