बंगळूरहून परत आलेले हस्तलिखित

१९११ साली मद्रासमध्ये राहणाऱ्या २३ वर्षांच्या एका तरुणाचा गणितावरील लेख टपालाने बंगळूरला गेला आणि दुरुस्तीसाठी परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तरुणाचे नाव श्रीनिवास रामानुजन. रामानुजन म्हटले की केंब्रिज आणि प्राध्यापक हार्डी आठवतात. पण त्याचे गणित छापण्याजोगे व्हावे म्हणून पहिली खटपट झाली ती भारतातच, आणि ती करणाऱ्या संपादकाचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. हा धागा त्या खटपटीचा आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातील महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते; गणित हा त्यांचा जिवाचा छंद. परदेशी गणिती नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडत नाहीत आणि त्यांवाचून संशोधन होत नाही, हे दुखणे ओळखून त्यांनी १९०७ मध्ये वर्गणीदारांची एक मंडळी जमवली. नाव ‘अ‍ॅनालिटिक क्लब’. हीच पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाली. तिचे ग्रंथालय पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होते. रँग्लर परांजपे तेव्हा तेथे प्राचार्य होते. सभासद देशभर विखुरलेले, त्यामुळे संस्थेचा संसार मुख्यत्वे टपालावर चाले. याच मंडळीने स्वतःचे नियतकालिक काढले आणि त्याचे संपादन बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राध्यापक एम. टी. नारायण अय्यंगार यांच्याकडे दिले.

रामानुजन एफ. ए.च्या परीक्षेत नापास झालेला. पदवी नाही, नोकरी नाही. १९१० मध्ये कारकुनीची जागा मागण्यासाठी तो वह्या घेऊन रामस्वामी अय्यरांकडे गेला. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर ही बुद्धी गाडून टाकण्याचे नाकारले. त्याऐवजी त्यांनी ओळखपत्रे दिली. त्यांच्या आधाराने तो सोसायटीचे चिटणीस आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचला. राव नेल्लोरचे कलेक्टर होते. त्यांनी त्याला दरमहा २५ रुपये देण्यास सुरुवात केली.

नियतकालिकात त्याचे नाव प्रथम आले ते प्रश्नकर्ता म्हणून. त्याचे जुने शिक्षक शेषु अय्यर यांनी त्याचे काही प्रश्न संपादकांकडे पाठवले. त्यांपैकी २८९ क्रमांकाचा प्रश्न आता जगप्रसिद्ध आहे: √(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))) याची किंमत काढा. सहा महिने गेले, एकाही वाचकाने उत्तर पाठवले नाही. अखेर रामानुजननेच ते दिले: ३. युक्ती पाहण्यासारखी आहे. ३ म्हणजे √(१ + २×४). त्यातला ४ म्हणजे √(१ + ३×५). त्यातला ५ म्हणजे √(१ + ४×६). असे आत आत जात राहायचे. शाळकरी मुलालाही पटेल असे हे उत्तर अपुरे होते. अनंत पायऱ्या उतरताना किंमत खरोखर ३ वरच स्थिरावते कशावरून, हे त्यात दाखवलेले नव्हते. अशी घरटी मुळे कोणत्या अटीवर स्थिरावतात याचा निकष पुढे टी. विजयराघवन यांनी दिला.

हीच गोष्ट त्याच्या पहिल्या शोधलेखाच्या बाबतीत घडली. विषय होता बर्नोलीच्या संख्या: १/६, १/३०, १/४२ अशा अपूर्णांकांची एक विलक्षण मालिका, घातांच्या बेरजांच्या सूत्रांत हटकून डोकावणारी. लेखात आठ प्रमेये होती. तिघांच्या सिद्धता दिलेल्या, दोन इतरांवरून निघणारी, आणि उरलेली तीन नुसती अनुमाने. यात नवल नव्हते. रामानुजन ज्या पुस्तकावर वाढला ते कार यांचे ‘सिनॉप्सिस’ म्हणजे हजारो सूत्रांची यादी, सिद्धता जेमतेम. कागद महाग म्हणून तो पाटीवर गणित करी, कोपराने पुसून टाकी आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवी. वहीला वाचक नव्हता, नियतकालिकाला होता.

नारायण अय्यंगारांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्याच्या पद्धती इतक्या त्रोटक आणि नव्या, मांडणी इतकी अस्पष्ट होती की सामान्य वाचकाला तिचा माग काढणे कठीण जाई. लेख फेटाळणे सर्वांत सोपे होते. लेखकाकडे ना पदवी, ना हुद्दा. परंतु संपादकाने नकार न कळवता दुरुस्त्या मागितल्या, आणि लेख १९११ च्या अंकात छापून आला.

या कथेला एक गंमतीचे शेपूट आहे. त्या लेखात एक विधान असे होते की बर्नोली संख्येला तिच्या क्रमांकाने भागून अपूर्णांक संक्षिप्त केला तर अंश मूळ संख्याच असतो. हे खोटे आहे. विसाव्या संख्येचा अंश १७४६११, आणि तो २८३ × ६१७. इतक्या फेऱ्यांनंतरही ही चूक संपादकाच्या नजरेतून सुटली. संपादक मांडणी सरळ करू शकतो. प्रत्येक संख्या फोडून पाहणे त्याच्याकडून होईलच असे नाही.

१९१२ च्या अखेरीस मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक ग्रिफिथ यांनी रामानुजनचे काम लंडनला आपले गुरू एम. जे. एम. हिल यांना दाखवले. हिल यांना त्यात अपसारी श्रेणींच्या खाचखळग्यांत पडलेला माणूस दिसला. तरी त्यांनी कळवलेला सल्ला आजही कोणत्याही नवोदिताने भिंतीवर लावावा असा आहे: लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने लेख छापावा असे वाटत असेल, तर हस्तलिखित अतिशय स्वच्छ आणि निर्दोष हवे, आणि अर्थ सांगितल्याविना एकही चिन्ह वापरू नये. महिनाभरातच, १६ जानेवारी १९१३ रोजी, पोर्ट ट्रस्टच्या या कारकुनाने हार्डींना पत्र लिहिले. हार्डींनी उत्तरात कौतुकाबरोबर मागितले ते हेच: सिद्धता.

१९१४ मध्ये तो केंब्रिजला गेला. १९१५ मध्ये त्याच लंडन सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा ‘अतिसंयुक्त संख्यां’वरील दीर्घ लेख आला. बंगळूरच्या त्या हस्तलिखिताशेजारी तो ठेवला, तर लिहिणाऱ्या हाताने मध्ये किती शिस्त अंगी बाणवली हे ध्यानात येते. १९१६ मध्ये या कामावर त्याला केंब्रिजची पदवी मिळाली. दोनदा नापास झालेल्याला, परीक्षेविना!

मात्र तो लेखही पुरा छापला गेला नाही. महायुद्धाच्या त्या काळात सोसायटी पैशांच्या अडचणीत होती, म्हणून शेवटचा भाग गाळावा लागला. या वेळी दोष ना मांडणीचा होता, ना सिद्धतेचा. गाळलेली पाने कागदपत्रांत पडून राहिली. १९८८ मध्ये ‘लॉस्ट नोटबुक’बरोबर त्यांची हस्ताक्षरातील छायाप्रत निघाली आणि १९९७ मध्ये निकोला व रोबँ या दोन फ्रेंच गणितज्ञांनी ती टिपणांसह एका संशोधन नियतकालिकात छापली. लेखक जाऊन तेव्हा ७७ वर्षे झाली होती. नियतकालिकाचे नाव होते ‘रामानुजन जर्नल’, आणि तो त्याच्या पहिल्याच वर्षाचा खंड होता.