झरोक्यातली धूळ आणि परमाणू

'अणूचा शोध कणादांनी लावला की डाल्टनने?' हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर देण्याआधी धारूरसारख्या बालाघाटातील गावातल्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात डोकवावे, असे आम्ही सुचवतो. छताच्या झरोक्यातून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. आपल्याकडील परमाणुविचाराचा दाखला नेमका हाच आहे.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वर त्याचीच 'दीपिका' ही टीका आहे. तीत म्हटले आहे, की उन्हात दिसणारा सर्वांत बारीक कणही डोळ्यांना दिसतो, म्हणून तो कापडाप्रमाणे अवयवांचा बनलेला असला पाहिजे. त्या अवयवांनाही अवयव असणार. पण ही विभागणी कोठेतरी थांबलीच पाहिजे. नाही तर मोहरी आणि मेरू पर्वत दोन्ही अनंत अवयवांचे, म्हणजे सारखेच ठरतील, असे नैयायिक म्हणत. विभागणी जेथे थांबते तो परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि उन्हातला कण म्हणजेच त्र्यणुक. म्हणजे त्यात परमाणू सहा!

युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु 'सहाच कशावरून?' याला मोजून उत्तर देण्याची सोय त्यात नव्हती. आज आपण जाणतो, की एक मायक्रॉन व्यासाच्या धूलिकणातसुद्धा हजारो कोटी अणू असतात.

डाल्टनचे वेगळेपण येथे आहे. १८०३ मध्ये त्याने अणूंची सापेक्ष वजने मांडली. त्याचे काही आकडे चुकले. पाण्याच्या रेणूत त्याने हायड्रोजनचा एकच अणू धरला होता. पण आकडे होते, म्हणूनच ती चूक इतरांना दाखवता आली.

१८९७ साली एक योग जुळून आला. आठल्ये आणि बोडस यांची 'तर्कसंग्रहा'ची आवृत्ती मुंबईत निघाली. परमाणू नित्य आणि अविभाज्य, हे तीत होतेच. त्याच वर्षी ३० एप्रिलला लंडनमध्ये जे. जे. थॉमसनने अणूहूनही लहान कण असल्याचे जाहीर केले. 'अविभाज्य' हे विशेषण गळाले, तरी अणुसिद्धांत मोडला नाही. पुढे १९०८ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर मोजले आणि त्यावरून ॲव्होगाड्रो अंक काढला. न दिसणाऱ्यांची मोजदाद अखेर दिसणाऱ्या कणांनीच करून दिली.

शब्दांचाही घोळ लक्षात ठेवावा. हिंदीत ज्याला परमाणू म्हणतात तो मराठी पाठ्यपुस्तकातील अणू. हिंदीतील अणू तो आपला रेणू. आणि संस्कृतात रेणू म्हणजे धूळ. तेव्हा नाव जुळले म्हणून कल्पना जुळली, असे होत नाही.

मग श्रेय कोणाचे? पदार्थाच्या विभागणीला शेवट असावा, हे तर्काने ओळखणाऱ्यांचा मान मोठाच आहे. मात्र ते पडताळून पाहणे हे वेगळे काम होते, आणि ते पुढच्यांनी केले. प्रश्न पुन्हा आला, तर वर्गाची एक खिडकी किलकिली ठेवून बाकीच्या लावून घ्याव्यात, उन्हाची तिरीप दाखवावी आणि उलट विचारावे : 'सहा की हजारो कोटी? आणि कशावरून?'