पापडाची लाटी आणि चटणीचा पाटा

आजचा विषय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. इतिहास म्हटला कीं तहनामे, लढाया आणि राजांच्या वंशावळी आपणांस आठवतात. परंतु घरीं चार पाहुणे जमले म्हणजे चहाच्या अगोदर तळलेल्या पापडांची चवड आणि वाटींतील ओली चटणी पुढें येते, तिलाही इतिहास आहे. आणि त्यांतला बराचसा आमच्या भागावरून गेलेला आहे. आमचा भाग म्हणजे उमरोळी, पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधलें एक लहानसें स्टेशन.

प्रथम पापड घेऊं. हा शब्द संस्कृत ‘पर्पट’ यावरून आला. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत त्याची कृति दिलेली आहे. उडदाच्या डाळीचें पीठ, हिंग, हळद, मीठ, जिरें आणि सज्जीखार एकत्र मळून पातळ लाटावें व निखाऱ्यावर भाजावें, असें वैद्यराज सांगतात. ही कृति आजच्या एखाद्या गृहिणीस वाचून दाखविली, तर ती एवढेंच विचारील कीं, यांत तिखट कोठें आहे?

प्रश्न मार्मिक आहे. मिरची मूळची अमेरिकेंतली. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वीं तिखटपणाचें काम मिरें, पिंपळी आणि आलें करीत असत. ‘मिरची’ हें नांवसुद्धां मिऱ्यावरूनच पडलेलें आहे. वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेली, दमण १५५९ मध्यें, आणि उमरोळी या दोहोंच्या मध्यें. आमच्या शेजारचा तारापूरचा किल्ला त्यांच्याच ताब्यांत होता. तो चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतला. क्रमिक पुस्तकांत हें साल असतें. फिरंगी किल्ला सोडून गेले तरी त्यांची मिरची आमच्या पाट्यावर कायम राहिली, हें मात्र त्यांत नसतें! शेंगदाणाही तसाच, अमेरिकेहून आलेला. नारळ, कैरी आणि मीठ तेवढें आपलें जुनें. सातपाटीसारख्या कोळी गांवांत सुक्या जवळ्याची चटणी होते. तिच्याबरोबर पापड खाऊन पाहिल्याशिवाय कोणीं तिला नांवें ठेवूं नयेत.

आमच्या पंगतींत चटणी आणि पापड हीं पानाच्या डाव्या बाजूचीं. जेवणास चव आणावी एवढेंच त्यांचें काम. शहरांत चहापानाची चाल रुळली, तशीं तीं पान सोडून स्वतंत्र बशींत आलीं.

किनाऱ्यावर उडदापेक्षां तांदळाचा पापड अधिक. त्याची रीत अशी. जितकें पीठ तितकेंच, किंवा किंचित् अधिक, पाणी घेऊन त्यांत मीठ, जिरें व पापडखार घालून उकळी आणावी. पीठ वैरून झांकण ठेवावें आणि मंद आंचेवर वाफ द्यावी. ही उकड गरम आहे तोंच तेलाच्या हातानें मळावी लागते. थंड झाली कीं लाटतांना कडा फाटतात. खार हें यांतलें खरें मर्म. तो बेतानें पडला तर पापड तळतांना हलका फुलतो. अधिक पडला तर रंग तांबूस येतो आणि चव बिघडते. पुढें दोन दिवस कडक ऊन हवें. म्हणून हा उद्योग फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा. मृगाचे ढग दिसूं लागले कीं डबे बंद.

या कृतींत मळणें, लाटणें, वाळत घालणें आणि कावळ्यांपासून राखणें इतकीं कामें आहेत कीं एका बाईच्यानें तीं होत नाहींत. म्हणून आळीतल्या बायका पोळपाट-लाटणें घेऊन आज हिच्या घरीं, उद्यां तिच्या घरीं जात. मुलांचा लोभ लाट्यांवर. तेलांत बुडवून कच्ची लाटी खाणें हा त्या दिवसांचा मोठा सण होता. मजुरी कोणी देत नसे, कोणी मागतही नसे. मराठींत १८७५ सालीं ‘सूपशास्त्र’ छापलें गेलें. १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ निघालें. पाककृति अशा छापील झाल्या. पण लाटणाऱ्या हातांच्या श्रमाची किंमत घरच्या जमाखर्चांत कधीं चढली नाहीं.

ती प्रथम कोणीं आणि कशी चढविली, हें सांगण्यासारखें आहे. १९५९ च्या मार्च महिन्याची १५ तारीख. मुंबईंत गिरगांवांतल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास बसल्या. पहिल्या दिवशीं माल झाला चार पुडे! पुढें यांतूनच लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. १९६६ मध्यें तिला खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आणि त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्यें पद्मश्री जाहीर झाली. संस्थेची रीत पाहण्याजोगी आहे. भिजविलेलें पीठ बायकांनीं घरीं न्यावयाचें, लाटून वाळवून परत आणावयाचें आणि जितकें लाटलें तितके पैसे घ्यावयाचे. नफा-तोट्यांत प्रत्येक लाटणारी भागीदार असते. माझ्या मतें आळीतली जुनी पाळीच येथें हिशेबासह पुन्हा मांडली गेली. भेद एवढाच कीं, आतां बाईच्या हातांत तिचे स्वतःचे पैसे येऊं लागले.

२०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल गाड्या धांवूं लागल्या. उमरोळीच्या पुष्कळ लेकीसुना आतां सकाळच्या गाडीनें कामावर जातात. वैशाखांत दुपारभर लाटावयास बसणार कोण? पापड पुड्यांतून येतो, त्यांत वाईट वाटण्याजोगें मला कांहीं दिसत नाहीं. चटणी मात्र घरींच व्हावी. खोबरें, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कैरीची फोड पाट्यावर किंवा यंत्रावर, पण आयत्या वेळीं वाटावी. आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत तळलेला पापड पाहतां पाहतां मऊ पडतो. तेव्हां पाहुणे दारांत चपला काढूं लागले म्हणजे कढई चुलीवर चढवावी, त्याआधीं नाहीं.