थापी कोणाच्या हाती?

'उमेदवार' हा शब्द अलीकडे निवडणुकीने पळवून नेला आहे. उमेदवार म्हटलं की हात जोडलेला फोटो डोळ्यांपुढे येतो. मूळ फारसीत मात्र उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. जुन्या काळी कचेरीत बिनपगारी लिहिणावळ करत, आज ना उद्या जागा मिळेल म्हणून दिवस काढणाऱ्याला उमेदवार म्हणत. आपल्या सरकारी मराठीत ॲप्रेंटिसला 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात, त्यात हा जुना अर्थ अजून शिल्लक आहे. आज मला किल्लारी परिसरातल्या अशाच उमेदवारीबद्दल बोलायचं आहे. ही उमेदवारी कारखान्यातली नाही, बांधकामावरची आहे. मीही तिच्यातूनच आलो.

आमच्या औसा, उमरगा भागात पूर्वी हुनर घरातच शिकवलं जाई. सुताराचा मुलगा रंधा आणि वाकस घेऊन वाढे, लोहाराचा मुलगा भात्यापाशी आणि गवंड्याचा मुलगा ओळंब्याशी खेळत. शिकायला पैसे पडत नसत आणि कागदही लागत नसे. पण ज्याच्या घरात ते काम नाही, त्याला दारही नसे. कुणब्याच्या किंवा मजुराच्या पोराला बांधकामावर घमेलं मिळे, थापी मिळत नसे. वीस वर्षं घमेलं वाहूनही भिंतीचा कोपरा कसा धरायचा हे न कळलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना अक्कल नव्हती असं नाही, त्यांना कुणी जवळ उभंच केलं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. तीव्रता ६.२ इतकी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं का गेली, याचं उत्तर बरंचसं आमच्या भिंतींत होतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती दिसायला गढीसारख्या भक्कम होत्या. पण ती खरं तर एकीला एक लागून उभी केलेली दोन वेगळी अंगं असत आणि मध्ये चिपा-मातीची भर असे. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. वर माळवद, आणि त्यावर दर पावसाळ्याआधी चढत गेलेला मातीचा थर. जमीन हलली तशी अंगं सुटली आणि वरचं ओझं माणसांवर आलं. काही घरांत भिंती ढासळल्या, तरी चांगल्या लाकडी खांबांवर माळवद तगून राहिलं. जुन्या सुताराचं काम तिथे उपयोगी पडलं होतं.

त्यानंतर काम निघालं ते डोंगराएवढं. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९४ मध्ये हाती घेतला. पार उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवायची होती. घरं जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. ही कामं बहुतेक बाहेरच्या ठेकेदारांकडे गेली आणि ते आपापल्या टोळ्या घेऊन आले. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, बारावी झालेली होती. अशाच एका ठेकेदाराच्या मुकादमापुढे मी तीन दिवस उभा राहिलो. त्याने खडी वाहायला ठेवलं. काम शिकवाल का, असं विचारलं तर म्हणाला, "शिकवायला वेळ कोणाला आहे?" त्याचंही खरं होतं. त्याला घरं मोजून द्यायची होती, गवंडी घडवायचे नव्हते.

दार उघडलं ते दुसऱ्या कामामुळे. पडली नाहीत पण खिळखिळी झाली, अशी सुमारे दोन लाख घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. इथे ठेकेदार नव्हता. मदत हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती यायची आणि काम त्यानेच करून घ्यायचं. म्हणजे गावोगाव गवंडी हवे होते, आणि तेही नवी रीत शिकलेले. भिंतीला ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, कोपरे जाळीने बांधायचे, माळवदावरची जादा माती उतरवायची, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरका आधार द्यायचा. नव्या बांधकामात दारा-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालायचा. हे पिढीजात गवंड्यालाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे बाप शिकलेला आणि न शिकलेला, दोघांची पोरं प्रशिक्षणाच्या वर्गात एकाच ओळीत बसली. आमच्या भागात ही गोष्ट नवी होती.

वर्ग मात्र थोड्या दिवसांचे असत. वर्गात पट्टा कळतो, हात बसत नाही. त्यासाठी उस्ताद धरावा लागे. मला मिळाले ते शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त माल कालवायला आणि भिंतीवर पाणी मारायला ठेवलं. एकदा कंटाळून म्हटलं, "मामा, थापी कधी देणार?" ते म्हणाले, "पाणी मारायचा कंटाळा करणाऱ्याच्या हाती थापी दिली, तर ती भिंत कुणाच्या लेकरावर पडंल, सांग बरं." त्या काळात आमच्या भागात हा प्रश्न नुसता बोलण्यातला नव्हता. ज्यांच्या घरात कुणीच गेलं नाही, अशी घरं थोडी होती.

याच कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. मदत कशी मिळते हे घरोघरी समजावून सांगणं आणि काम नीट होतं की नाही हे पाहणं, ही त्यांची कामं. एरवी चारचौघांत न बोलणाऱ्या बाया पट्ट्यात सळई किती घातली, असं गवंड्याला विचारू लागल्या. नव्या गवंड्यावर अशी नजर असणं हीसुद्धा एक शाळाच होती. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आमच्याकडच्या अनुभवी बाया तिकडच्या बायांना आपली रीत सांगायला गेल्या.

१९९८ मध्ये कार्यक्रम संपला आणि काम आटलं. ज्यांच्या हाती फक्त वर्गाचा दाखला होता ते पुन्हा मजुरीला गेले. ज्यांनी उस्तादाकडे एक-दोन वर्षं काढली होती ते लातूर, सोलापूर, पुण्यात मिस्त्री म्हणून उभे राहिले. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. त्यात करार आहे, विद्यावेतन आहे, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे. पण २०१९ च्या नियमांनुसार शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर आली. चार ते एकोणतीस माणसं असतील, तर ते मालकाच्या मर्जीवर. दोन गडी घेऊन भिंत चढवणारा आमचा मिस्त्री या हिशेबात बसतच नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात आयटीआय झालेल्याला महिना आठ हजार रुपये ठरले, पण मुदत महिन्यांची होती. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला, तिथे २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. जवळच असा कारखाना असणं चांगलंच आहे. तरी किल्लारीजवळच्या खेड्यातल्या मुलाला पहिला उस्ताद भेटतो तो गावातच, आणि तो भेटला नाही तर मुलगा सरळ पुण्याची गाडी धरतो.

म्हणून मुलांना मी सांगतो, काम मागायला जाताना पहिल्याच दिवशी रोज किती ते विचारू नका. कोणतं काम कधी शिकवाल, ते विचारा आणि घरच्या मोठ्या माणसाला साक्षीला न्या. सहा महिने होऊनही घमेलंच हाती असेल, तर उस्ताद बदला. आणि माझ्या वयाच्या मिस्त्रींना सांगणं असं की, आपल्या नात्यातला नसलेला एक तरी मुलगा दरसाल हाताखाली घ्या. २००२ च्या नकाशाने आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात घातला. मामांच्या पिढीतले बहुतेक गवंडी आता राहिले नाहीत. आरपार दगड का घालायचा हे ज्यांना हाताने ठाऊक आहे, असे आता आपणच थोडे उरलो आहोत.