ऊसतोडणी यंत्र आणि बीडचा कोयता

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन या मार्गावर मे २०२५ मध्ये चालकविरहित मालमोटारींची व्यापारी वाहतूक सुरू झाली. भारतात मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्येच चालकविरहित मोटारींना परवानगी देणार नसल्याचे जाहीर केले होते. लाखो चालकांचा रोजगार बुडेल, हे त्यांनी दिलेले कारण. हाच प्रश्न महाराष्ट्राच्या उसाच्या फडात मात्र कोणताही गाजावाजा न होता येऊन ठेपला आहे, आणि त्याची सर्वाधिक झळ बीड जिल्ह्याला बसण्याची शक्यता आहे.

स्थलांतराची परंपरा

प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखानदारी फोफावली. तोडणीसाठी लागणारे मनुष्यबळ मराठवाड्याच्या पर्जन्यछायेतील भागातून येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. आज राज्यात दहा लाखांहून अधिक माणसे ऊसतोडणीवर जगतात असा सर्वसाधारण अंदाज असून त्यांत बीडचा वाटा मोठा आहे.

गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसर याच पट्ट्यात मोडतो. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून जातो आणि गढी येथे जयभवानी सहकारी साखर कारखानाही आहे. ज्या तालुक्यात ऊस पिकतो, त्याच तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून परमुलखात ऊस तोडायला जातात, हा येथील विरोधाभास आहे.

'कोयता' म्हणजे काय?

ऊसतोडणीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी मुकादम जोडीला 'उचल' देतो आणि ती रक्कम अनेकदा लाखाच्या घरात असते. पुढील पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी ठरते व त्यातून उचल फिटत जाते. ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामात ओढली जाते.

या कामाची किंमत केवळ घामाने मोजता येत नाही. मुलांची शाळा हंगामाबरोबर सुटते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे तेव्हा आढळले.

यंत्र काय करते?

तोडणी यंत्र उसाच्या सरीवरून चालते, ऊस बुडख्यातून कापते, त्याचे लहान तुकडे करते, पंख्याने पाचट उडवते आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माल टाकते. एक जोडी दिवसाकाठी साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. यंत्र १०० टनांच्या वर तोडू शकते. म्हणजे एका यंत्रामागे पन्नासहून अधिक जोड्यांचे काम जाते.

राज्य शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० यंत्रांसाठी अनुदान योजना आणली. किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम, असे तिचे स्वरूप होते. यंत्राची किंमत कोटीच्या आसपास असल्याने ते सामान्य मजुराच्या आवाक्याबाहेरच राहते. दुसरीकडे, मजुरांची टंचाई आणि उचल घेऊन होणारी फसवणूक ही कारखाने व वाहतूकदारांची जुनी तक्रार आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. ती आवश्यकच होती, पण तिने यंत्राचे गणितही अधिक आकर्षक केले.

तरीही कोयता लगेच हद्दपार होणार नाही. यंत्रासाठी साडेचार-पाच फुटांची सरी लागते, ओल्या रानात ते रुतते, आडवा पडलेला ऊस त्याला जड जातो आणि लहान तुकड्यांच्या शेतात वळवताना वेळ वाया जातो. पाचटापोटी वजनात होणारी वजावट शेतकऱ्यांना मान्य नसते. जनावरांसाठी मिळणारे वाढेही यंत्रतोडीत हाती येत नाही.

इतर देशांचा अनुभव

ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात ऊसतोडणी जवळपास पूर्णपणे यंत्राकडे गेली. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ मध्ये फड जाळण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला आणि यंत्रतोड झपाट्याने वाढली. काम गमावणाऱ्या मजुरांना ट्रॅक्टरचालक, यंत्रचालक, मेकॅनिक बनवण्यासाठी तेथील साखर उद्योगाने कामगार संघटनेच्या साहाय्याने प्रशिक्षण दिले. अर्थात, जिथे पन्नास जोड्या लागत तिथे यंत्रावर मोजकीच माणसे लागतात. त्यामुळे सर्वांना सामावून घेणे प्रशिक्षणाने शक्य नव्हते.

पुढे काय?

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि शासनाने तेवढीच रक्कम द्यावी, अशी त्याच्या निधीची रचना ठरवण्यात आली. मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. परंतु या योजनांचा रोख आजच्या मजुरावर आहे. काम गेलेल्या मजुराचा विचार त्यांत फारसा नाही.

यंत्राच्या अनुदानाबरोबरच मजुरांच्या गटांना यंत्राची मालकी, तरुणांना यंत्र चालवण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण, आणि गावातच पाणी व रोजगार या तीन गोष्टींची तरतूद आताच करावी लागेल. यंत्र आल्याने पाठीवरची मोळी उतरेल, हे स्वागतार्हच आहे. मात्र उचल बंद झाल्यावर दिवाळीनंतरचे सहा महिने चकलांब्यातील कुटुंबाने कशावर काढायचे, याचे उत्तर यंत्र फडात उतरण्यापूर्वी शोधले पाहिजे.