तारपा : कानावरून चालत आलेले संगीत

जव्हार व मोखाडा (जि. पालघर) परिसरातील आदिवासी समाजांचे, विशेषतः वारल्यांचे, प्रमुख सुषिरवाद्य. वाळवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्यास पत्ती बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा जोडून हे वाद्य सिद्ध होते. सांधे मेणाने बुजवितात. वादकास श्वास न तोडता अखंड फुंकावे लागते. पावसाळा सरताना भात पिकू लागले, की तारपानृत्य रंगते. मध्यभागी तारपकरी, भोवती नर्तकांचे कडे; चाल बदलली की नाचाची दिशा व पावलेही बदलतात.

पाश्चात्त्य वाद्यांसाठी नवे संगीत रचनाकार स्वरलिपीत लिहून देतात. वाद्यवृंदात बहुधा मागे राहणाऱ्या डबल बाससाठी अशा रचना वाढाव्यात म्हणून खास स्पर्धाही होतात. गॅरी कार यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बेसिस्ट्स' या संस्थेची डेव्हिड वॉल्टर यांच्या नावाची स्पर्धा त्यांपैकीच एक होय.

तारप्याची परंपरा याहून वेगळी आहे. येथे चाली कागदावर नसतात. त्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून आत्मसात केल्या जातात. लिहिलेली रचना वादकाच्या पश्चातही उरते. तारप्याची चाल मात्र शिष्य नसेल तर वादकाबरोबरच लोपते. वाळवंडे (ता. जव्हार) येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. या गौरवाइतकीच तारप्याला शिकणाऱ्या तरुणांचीही गरज आहे.